वाऱ्याच्या वाटेवर

"होडीत बसायला एवढे पैसे द्यायचे?" आईने विचारलं. ती भडंगासाठी लसूण सोलत बसली होती आणि मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडून दादाने पाठवलेलं भाडेपत्रक वाचून दाखवत होते. नौकेचं आठवड्याचं भाडं, नौका चालवणाऱ्या स्किपरचे रोजचे पैसे, अनामत, शेवटच्या साफसफाईचा खर्च, असं एकेक. तिने सगळं ऐकून घेतलं. मग सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकत म्हणाली, "बसलोय की आपण होडीत. एकोणीस साली." २०१९ च्या महापुरात आम्हाला घरातून बोटीने बाहेर काढलं होतं, त्याबद्दल ती बोलत होती. बोलण्यात टोमणा नव्हता. जी गोष्ट एकदा आपल्यावर येऊन गेली ती पुन्हा मुद्दाम, रजा काढून, पैसे भरून कशासाठी करायची, हे तिला खरंच उमगत नव्हतं. तिने कढई गॅसवर ठेवली आणि तिच्यापुरता विषय संपला.

माझा संपेना. कामावर जाताना, भाजी घेताना, रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य पुन्हा पुन्हा वर यायचं. त्याला काय उत्तर द्यायचं हे मला सुचत नव्हतं, आणि उत्तर दिल्याशिवाय पैसे भरावेत असं वाटत नव्हतं.

बेत मुळात दादाचा. तो पुण्यात असतो. भारतीय नौदलातले दिलीप दोंदे 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून मे २०१० मध्ये मुंबईला परतले, तेव्हापासून दादाच्या डोक्यात वारा शिरला तो शिरलाच. पुढे त्याने मुंबईला जाऊन गेटवेसमोरच्या पाण्यात शीड हाताळायला शिकून घेतलं, प्रमाणपत्र मिळवलं. तेव्हापासून त्याचं एकच चाललंय, की एकदा सगळ्यांनी मिळून आठवडाभर नौकेवरच राहायचं. तो, वहिनी, त्यांचा मुलगा, मी, माझा नवरा आणि आमची लेक. वहिनीचं मन आधी कॅरिबियनमधल्या ब्रिटिश व्हर्जिन बेटांवर होतं. शिडाच्या सहलींची ती पंढरीच, बेटं इतकी जवळजवळ की एकावरून दुसरं दिसतं. पण सांगलीहून तिथे पोचायचं म्हणजे अर्धी पृथ्वी ओलांडायची, आणि २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळाने तिथल्या नौका एकमेकींवर रचून ठेवल्याचे फोटो मी पाहिले होते. ते फोटो पाहिल्यावर मला पुढचं काही वाचवलं नाही. शेवटी नकाशावर फिरत फिरत आम्ही हिंदी महासागरात सेशेल्सला येऊन थांबलो. विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-साडेचार अंशांवर. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ चक्रीवादळं सहसा फिरकत नाहीत. भारतीयांना व्हिसा लागत नाही, आधी ऑनलाइन प्रवास-परवानगी घेतली की झालं.

नौका भाड्याने घ्यायची तर दोन-तीन तऱ्हा असतात. एक म्हणजे बेअरबोट: नौका तुमच्या ताब्यात, चालवायची तुम्ही, जबाबदारी तुमची. त्यासाठी कंपन्या प्रमाणपत्र तर मागतातच, शिवाय याआधी कुठे, किती, कसल्या वाऱ्यात नौका हाकलीत याचा तपशील मागतात. दुसरी तऱ्हा स्किपरसकट घेण्याची. तिसरी, आचारी-नोकरांसकट, ती आपल्या आवाक्यातली नाही. दादाला बेअरबोट हवी होती. वहिनीने आणि मी फोनवर एकमेकींशी बोलून स्किपरचा आग्रह धरला आणि त्यावर अडून बसलो. प्रवाळाच्या समुद्रात कुठे खडक आहे, कुठे वाळू आहे हे तिथल्या माणसाला जितकं कळेल तितकं पुस्तक वाचून कळायचं नाही. दादा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्किपरची चौकशी केली.

मग त्याने मला सागरी नकाशे पाठवले आणि माझ्या संध्याकाळी त्यातच जायला लागल्या. त्या नकाशांवर जमीन जवळजवळ कोरी असते. सगळा तपशील पाण्यात. निळ्या रंगाच्या छटांवर बारीक बारीक आकडे पेरलेले, ओहोटीचं पाणी अगदी खाली गेलं तरी इथे इतकी खोली उरेल, असं सांगणारे. सांगलीच्या माणसाला पाणी आकड्यांत वाचायची सवय असतेच. ऑगस्ट आला की सकाळी उठून पहिली चौकशी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं याची. चाळीस फूट झाले म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, आणि त्याच्या पुढे प्रत्येक फूट कुठल्या गल्लीत शिरतो ते गावभागातल्या पोराटोरांना पाठ असतं. त्यामुळे नकाशा उघडल्यावर मी आपोआप मोठे आकडे शोधायला लागले आणि ते पाहून पोटात गोळा यायचा. दादाने फोनवर समजावलं, अगं, उलटं आहे हे. मोठा आकडा म्हणजे निर्धास्त. आपली नौका चार-साडेचार फूट पाण्याखाली असते, तेव्हा भ्यायचं ते लहान आकड्याला. आमच्याकडे आकडा चढला की माणसं सामान माळ्यावर टाकतात. तिथे आकडा उतरला की नावाड्याचा जीव वर येतो. हे डोक्यात बसायला मला बरेच दिवस लागले. रात्री झोपेतसुद्धा आकडे चढताना दिसायचे.

आणि नकाशावर पूर्ण विसंबायचं नाही, असंही तोच म्हणाला. प्रवाळ वाढतं, वाळू सरकते. बेटाच्या खाडीत शिरताना एकाने पुढच्या टोकाला उभं राहून पाण्याचा रंग वाचायचा. पिवळसर तपकिरी दिसलं तर खाली प्रवाळ, हिरवट निळं म्हणजे वाळू, गर्द निळं म्हणजे खोल. हे रंग नीट दिसायला सूर्य डोक्यावर हवा, निदान पाठीशी तरी. समोरून आला तर पाण्यावर नुसती चकाकी आणि खालचं काही दिसत नाही. म्हणून दुपार कलायच्या आत मुक्कामाला पोचायचं आणि नांगर वाळूतच टाकायचा, प्रवाळावर कधीही नाही. नांगराची साखळी खोलीच्या पाचपट तरी सोडायची, म्हणजे ती तळाशी आडवी पडते आणि नांगर वाळूत रुतून बसतो. नांगराच्या वजनापेक्षा साखळीच्या त्या आडव्या पडण्यावर नौका रात्रभर जागेवर राहते. हे मला फार आवडलं. मी ते नवऱ्याला दोनदा सांगितलं.

कंपनीच्या अर्जात एक रकाना होता, नौकेवरच्या प्रत्येकाला पोहता येतं का. लेकीच्या नावापुढे मी होय लिहिलं, ती तलावात शिकलीय, निळ्या फरशीच्या, क्लोरीनच्या वासाच्या. माझ्या नावापुढे होय लिहिताना हात क्षणभर थबकला. मी कृष्णेत शिकले. उन्हाळ्याच्या सुट्टीत अप्पा पहाटे घाटावर न्यायचे. पाठीला सुका भोपळा बांधलेला, त्याची दोरी काखेत काचायची. पाणी वरून कोमट आणि पायाशी गार. नाकात शेवाळाचा वास, वरच्या पायरीवर कपडे धुणाऱ्या बायकांच्या साबणाचा वास आणि पलीकडून सांगलीवाडीच्या बाजूने ओल्या मळीच्या जमिनीचा वास. अप्पा छातीइतक्या पाण्यात उभे राहून माझ्या हनुवटीखाली दोन बोटं धरायचे. एक दिवस ती बोटं नव्हतीच आणि मी तरंगत होते. भोपळा हळूहळू लहान होत गेला, मग सुटला. श्रावणात नदी भरून वाहायला लागली की होड्यांच्या शर्यती. सांगलीवाडी, डिग्रज, समडोळी, कवठेपिरान, गावोगावच्या लांबलचक होड्या, वल्ही एका तालात पाण्यात जायची आणि दोन्ही काठ ओरडत असायचे. आयर्विन पुलाच्या कठड्याला पोट टेकवून आम्ही बघायचो. नदी तेव्हा आमची होती. तिची भीती होती, पण ती घरातल्या मोठ्या माणसाची असते तशी.

मग एकोणीस साल आलं.

त्याचं सगळं सांगत बसत नाही. वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात ते आहेच. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं आणि आमच्या घराचा तळमजला त्यात गेला. वरच्या गॅलरीला रबरी बोट येऊन लागली तेव्हा आई आधी तयार होईना. औषधांची पिशवी, देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आणि अप्पांचा चष्मा एवढं तिने पोटाशी धरलं होतं. बचाव पथकातला एक पोरगेला जवान तिला मराठीत आई, आई म्हणत होता, बाकी बोलणं हिंदीत. गॅलरीच्या कठड्यावरून त्या डुगडुगणाऱ्या बोटीत पाय टाकताना तिने माझ्या दंडाला धरलं होतं, तिथे पुढे बरेच दिवस निळं होतं. मग आमच्याच गल्लीतून आम्ही निघालो. दुकानांच्या पाट्या हाताला लागत होत्या. विजेच्या तारांखाली मान वाकवावी लागत होती. पाण्याचा रंग चहासारखा, आणि त्यावर डिझेलचा तवंग, कुणाच्या तरी घरातलं पाट-रांगोळीचं लाकडी खोकं, एक चप्पल. कुणी बोलत नव्हतं. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळ गावात पुरातून माणसं काढणारी बोट उलटली. ती बातमी आम्ही नातेवाइकांच्या घरी बसून ऐकली आणि आई उठून आत गेली.

तेव्हा, "बसलोय की आपण होडीत" या वाक्यात काय काय आहे ते मला ठाऊक आहे. त्यामुळेच ते टोचत होतं. ज्या गावात पाण्याने माणसं नेली, त्या गावातून पाण्यावर मौज करायला जाणं हे मला मधूनच फार वाईट वाटायचं. मैत्रिणींना बेत सांगताना मी आवाज खाली आणायचे. आणि तरीही रात्री ते नकाशे उघडावेसे वाटायचे. दोन्ही खरं होतं. आजही आहे.

नेमकं काय ओढतंय ते मला कळलं एका मे महिन्याच्या दुपारी. बाहेर उन्हाचा कहर, रस्त्यावर चिटपाखरू नाही, पंख्याखाली बसून मी फोनवर वाऱ्याचा नकाशा बघत होते. हल्ली असे नकाशे असतात, त्यात वारा बारीक रेघांनी वाहताना दिसतो. सेशेल्सला कुठल्या महिन्यात कुठून वारा येतो हे पाहायचं होतं. खाली दक्षिणेला, मादागास्करच्याही पलीकडून, रेघांचा एक जाड पट्टा आग्नेयेकडून वर चढत होता. सेशेल्सच्या माहे या मुख्य बेटावरून तो पुढे गेला, विषुववृत्त ओलांडलं, सोमालियाच्या किनाऱ्याशी उजवीकडे वळला आणि अरबी समुद्रावरून सरळ आमच्याकडे निघाला. मी बोट ठेवून ती वाट पुन्हा पुन्हा चालले. शाळेत भूगोलाच्या वहीत आम्ही नैऋत्य मोसमी वाऱ्यांचे बाण काढले होते. बाणाचं टोक नेहमी सह्याद्रीला लागलेलं. त्याचं शेपूट कुठे आहे, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. शेपूट इथे होतं. विषुववृत्त ओलांडलं की पृथ्वीच्या फिरण्यामुळे वारा उजवीकडे कलतो, आणि आग्नेयेचा वारा नैऋत्येचा होतो. वाटेत समुद्रावरून वाफ उचलत तो येतो, जूनच्या सुरुवातीला केरळला पोचतो, मग सह्याद्रीवर आपटतो. महाबळेश्वर, कोयना, वारणेचं खोरं. सांगलीला स्वतःचा पाऊस बेताचाच. पुराच्या दिवसांत कित्येकदा आमच्या डोक्यावर लख्ख ऊन असतं आणि नदी चढत असते. वर धरणाची दारं उघडलेली असतात, कराडच्या प्रीतिसंगमावरून कोयना कृष्णेत आलेली असते, खाली हरिपूरला वारणा येऊन मिळालेली असते, आणि आम्ही उन्हात उभे राहून पुलावरचा आकडा बघत असतो.

ज्या वाऱ्यावर दादा शीड लावायचं म्हणत होता, तोच वारा पुढे पाणी घेऊन आमच्या दारात येतो.

हे कळल्यावर आतून काहीतरी हललं. मला ते गाऱ्हाणं वाटलं नाही. उलट, ज्याने आपलं घर ओलं केलं त्याला त्याच्या वाटेवर, पाऊस उचलायच्या आधी, कोरडा आणि मोकळा असताना एकदा भेटावं, तोंडावर घ्यावा, असं फार वाटलं. पुराच्या पाण्याशी आमची ओळख शेवटच्या टोकाची आहे, चिखल होऊन ते घरात शिरतं तेव्हाची. सुरुवात आम्ही पाहिलेलीच नाही. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "एवढं असेल तर जाऊ या." त्याला समुद्र लागतो, बोटीवर मळमळतं, आणि तरीही तो हे म्हणाला. ते मी विसरणार नाही.

त्याच सुमाराला दादाने सेशेल्समधल्याच प्रालाँ बेटावरच्या व्हॅले द मे या जंगलाची माहिती पाठवली. १९८३ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. तिथे कोको द मेरची झाडं आहेत, जगातलं सगळ्यात मोठं बी या झाडाचं. प्रालाँ आणि शेजारचं क्युरियूझ, या दोन बेटांखेरीज ते कुठेही आपसूक उगवत नाही. फळ पिकायला सहा-सात वर्षं लागतात आणि वजन वीस-पंचवीस किलोपर्यंत जातं. फोटोत ते जोडनारळासारखं काळं बी पाहिलं आणि मी दचकले. हे मी लहानपणी पाहिलंय. मिरजेला, मीरासाहेबांच्या उरसात. दर्ग्याच्या बाहेर एक फकीर बसायचा, त्याच्या हातात साखळीने अडकवलेला लांबट काळा कटोरा, दोन्ही टोकं निमुळती, वापरून वापरून शिसवीसारखा गुळगुळीत झालेला. अप्पांनी माझ्या हातात नाणं दिलं होतं टाकायला. नाणं पडल्याचा आवाज लाकडावर पडल्यासारखा आला नाही, जड आणि बुटका आला. अप्पा म्हणाले होते, हे दर्याच्या नारळाचं करतात, समुद्राच्या तळाशी झाड असतं त्याचं.

शेकडो वर्षं लोक हेच समजत होते. ही फळं मालदीवच्या आणि आपल्या किनाऱ्यांना लागायची, झाड कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून झाड समुद्रात. १७६८ साली फ्रेंचांना प्रालाँवर झाड सापडलं तेव्हा कोडं सुटलं. त्यातही एक गोष्ट अशी, की ताजं फळ पाण्यात टाकलं तर बुडतं. आतला गर कुजून ते पोकळ झालं की मगच तरंगतं. म्हणजे इतका समुद्र ओलांडून आपल्याकडे पोचलेलं एकही फळ रुजण्यासारखं नव्हतं. त्याचे कटोरे झाले, औषधं झाली, झाड मात्र कधी झालं नाही. मिरजेच्या त्या फकिराच्या हातात या बेटांचा एक तुकडा होता, आणि माझं चार आण्याचं नाणं त्यात पडलं होतं. अप्पा असते तर मी त्यांना त्या जंगलात नेलं असतं. झाडाखाली उभं राहून ते काय म्हणाले असते याचा मी बराच विचार करते.

खरी गंमत पुढेच आली, आणि ती आईने आणली. दादाने निवडलेल्या नौकेची गोड्या पाण्याची टाकी सहाशे लिटरची. स्किपर धरून सात माणसं, सात दिवस. मी कागदावर भागाकार करत होते, माणशी रोजचे बारा लिटर येत होते, आणि हे कसं पुरायचं म्हणून मी नवऱ्याला विचारत होते, पिणं, स्वयंपाक, अंघोळ सगळं त्यातच. आई आतून म्हणाली, "बारा पुष्कळ झालं." मग बाहेर येऊन खुर्चीवर बसली आणि सांगायला लागली. पुरात नळ बंद झाले होते, चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही, तेव्हा टँकरवर मिळणाऱ्या पाण्यात तिने घर चालवलं होतं. नौकेवरही तसंच करा म्हणाली: भांडी आधी समुद्राच्या खाऱ्या पाण्याने घासायची, मग गोड्या पाण्याच्या एका पातेल्यात बुडवून काढायची, पातेल्याचं पाणी दोनदा वापरायचं. अंघोळ मुलांनी समुद्रात करायची आणि वर एक तांब्या गोडं. भाताची पेज फेकायची नाही. तांदूळ कमी, थालीपिठाची भाजणी जास्त, कारण तिला पाणी कमी लागतं. ताजं काही विमानातून न्यायचं नाही तर नका नेऊ, मेतकूट न्या, भडंग न्या, तासगावचे बेदाणे न्या. मी लिहून घेत होते. दादाने कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून काढलेल्या सूचना पाठवल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक तिने न वाचता सांगितल्या, आणि दोन-तीन जास्तीच्या. शेवटी तिने विचारलं, नौकेवर गॅसची टाकी कुठे असते आणि कॉक बंद करायचं कुणाकडे आहे. ते मलाही ठाऊक नव्हतं. दादाला विचारून सांगितलं, टाकी बाहेरच्या कप्प्यात असते आणि प्रत्येक वेळी स्वयंपाक झाला की कॉक बंद करायचाच. ती म्हणाली, "मग ठीक."

लेकीचं खूळ गाठींचं. बोलाईन नावाची एक गाठ असते, दोराला फास पडतो पण तो आवळत नाही, कितीही ताण आला तरी टिकतो, आणि ताण गेला की दोन बोटांनी सुटतो. नौकेवर हरघडी लागते. घरात जिथे तिथे दोऱ्या बांधलेल्या सापडायला लागल्या, दाराच्या कडीला, खुर्चीच्या पायाला. एका संध्याकाळी तिला घेऊन मी घाटावर गेले. पाणी उतरलेलं, पायऱ्यांवर वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे. एक म्हातारा नावाडी होडीचा तळ डांबराने लिंपत होता. त्याने लेकीच्या हातातला दोर बघितला, काही न विचारता घेतला, स्वतःच्या कमरेभोवती टाकला आणि एका हाताने, नुसतं मनगट फिरवून, तीच गाठ घातली. अंगठ्याचं नख डांबराने काळं झालेलं. इतक्या झटकन केलं की आम्हाला दिसलंच नाही. लेकीने पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा, हळू. "पाण्यात माणूस पडला तर त्याला एकच हात मोकळा असतोय," तो म्हणाला, "म्हणून एका हातानं यायला पायजे. ताण बसला तर सुटत न्हाई, आन् सोडाया गेलं तर अडत न्हाई." पुरात तो त्या होडीने माणसं काढत होता. किती, ते मी विचारलं, त्याने हात हलवून तो प्रश्न बाजूला सारला आणि डांबराच्या डब्याकडे वळला. आता लेक आंघोळीच्या टॉवेलला कमरेभोवती एका हाताने गाठ घालायचा सराव करते.

राहिला प्रश्न कधी जायचं याचा. दादाचं म्हणणं ऑक्टोबर. एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरच्या शेवटाला तिथले वारे कूस बदलतात, समुद्र पडतो, पाणी इतकं नितळ होतं की पोहताना खालचं सगळं दिसतं. दिवाळीची सुट्टीही मिळते. जून ते ऑगस्ट आग्नेयेचा वारा जोरात, समुद्र खवळलेला, मुलांना घेऊन जायचे ते दिवस नाहीत, यावर कुणाचंच दुमत नव्हतं. पण मला मे हवा होता. मे महिन्यात तो वारा नुकता धरतो. पुरेसा असतो, अजून माजलेला नसतो. पडलेल्या समुद्रावर इंजिन लावून हिंडायचं असेल तर शिडाची नौका घ्यायची कशाला, असं मी दादाला लिहिलं. आणि हेही लिहिलं, की जो वारा पुढे आपल्याकडे येणार आहे तो निघाल्या निघाल्या मला बघायचा आहे, शांत समुद्र नको. पाण्याचा नितळपणा थोडा कमी पडेल, नवऱ्याला गोळ्या घ्याव्या लागतील, चालेल. दादाने रात्री उशिरा फोन केला. बराच वेळ आम्ही अप्पांबद्दल बोललो, एकोणीसबद्दल बोललो. त्या आठवड्यात तो पुण्यात अडकला होता, रस्ते बंद होते, आणि आम्हाला बोटीत चढवताना तो इथे नव्हता. हे तो पहिल्यांदाच बोलला. माझ्या लक्षातच आलं नव्हतं की त्यालाही काही टोचत असेल. "मे," तो शेवटी म्हणाला.

आईला मी उत्तर दिलं, पण निराळ्या तऱ्हेने. तिला वाऱ्याचा तो नकाशा दाखवला, माहेपासून सोमालियापर्यंत, तिथून कोयनेपर्यंत. तिने चष्मा लावून पाहिलं. विचारलं, "आणि हे असं दरवर्षी?" मी म्हटलं, दरवर्षी. ती थोडा वेळ बघत राहिली. मग व्हिक्टोरियाला, सेशेल्सच्या राजधानीत, गणपतीचं देऊळ आहे हे मी सांगितलं. तिथे कित्येक पिढ्यांपासून राहिलेल्या तमिळ लोकांनी बांधलेलं नवशक्ती विनायगर मंदिर. नौकेवर चढायच्या आधी तिथे जाऊन या, एवढं तिने बजावलं. ती स्वतः येणार नाही. तिला पुन्हा होडीत बसायचं नाही, आणि तिच्या नाही म्हणण्यावर कुणी काही बोललं नाही. आठवडाभर मावशी तिच्यासोबत राहायला येईल.

पैसे भरले. मेचा दुसरा आठवडा. माहेहून निघून पहिल्या दिवशी प्रालाँ, ईशान्येला, चोवीसेक सागरी मैल. पाच-सहा नॉटच्या, म्हणजे ताशी पाच-सहा सागरी मैलांच्या वेगाने चार ते पाच तास. वारा आग्नेयेचा, म्हणजे जाताना तो सगळी वाट उजव्या हाताला असणार, आणि ला दिग, क्युरियूझ ही शेजारची बेटं करून परत येताना डाव्या हाताला. शिडाला असा बाजूचा वारा सगळ्यात मानवतो, दादा म्हणतो. मी त्याला लिहून कळवलंय, की खाडीतून बाहेर पडून स्किपरने शिडं चढवली आणि समुद्र मोकळा लागला, की जातानाचं सुकाणू माझ्याकडे द्यायचं. दादाने येतानाचं मागून घेतलं. वहिनीने दोघांनाही सांगितलंय की भाचीला आणि तिच्या मुलाला अर्धा-अर्धा तास द्यावाच लागेल, तेव्हा आता त्या पाच तासांची वाटणी चालू आहे.